मेथीची जुडी आणि खिचडीचं पातेलं



मधल्या सुट्टीची घंटा झाली की तुम्ही काय करता? कुणी डबा उघडतं, कुणी ताट घेऊन रांगेत उभं राहतं. आमची शाळा डोंगराच्या कुशीतल्या एका लहानशा गावात आहे. पहिली ते पाचवीचे वर्ग आणि पटावर ५८ मुलं. घंटा झाली की सगळी ५८ ताटं एकदम वाजतात! कारण आमच्याकडे डबा कुणीच आणत नाही. सगळे मिळून शाळेतली खिचडी, डाळ-भात किंवा उसळ-भात खातात.

एकदा हिवाळ्यात चौथीतली एक मुलगी प्रार्थना संपल्यावर धावत आली. मी विचारलं, “का गं, उशीर का झाला?”

ती म्हणाली, “बाई, मेथी परत आली. म्हशीला घालत होते.”

“मेथी परत आली म्हणजे?”

“काल दादांनी बाजारात नेली होती. भावच नव्हता. टेम्पोचं भाडंबी निघालं नाही. मग उरलेली तशीच परत आणली.”

हिरव्यागार, कोवळ्या मेथीच्या जुड्या म्हशीपुढे! आणि त्याच दिवशी आमच्या खिचडीच्या पातेल्यात काय होतं, ठाऊक आहे? नुसते बटाटे. तेही तालुक्याच्या बाजारातून आणलेले. ज्या टेम्पोतून मेथी परत आली, त्याच टेम्पोतून बटाट्याचं पोतंही आलं होतं!

मला हसावं की रडावं ते कळेना. मग मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक प्रश्न लिहिला : ‘गावची मेथी गावच्या पातेल्यात का नाही?’

मुलांना पाच मिनिटं दिली. त्यांची उत्तरं अशी आली. पहिलं : ‘मेथी निवडायला मावशींना वेळ नसतो.’ दुसरं : ‘शाळा मेथी विकत घेतच नाही.’ आणि तिसरं उत्तर मागच्या बाकावरून आलं, अगदी खरंखुरं : ‘बाई, मेथी कडू लागते!’

म्हणजे निवडणार कोण, घेणार कोण आणि खाणार कोण? या तीन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता आम्ही पार अमेरिका आणि ब्राझीलपर्यंत जाऊन आलो. अर्थात, नकाशावरून. चला, तुम्हीही या!

आधी थोडं खिचडीविषयी

शाळेत जेवण मिळणं ही गोष्ट तुम्हांला नेहमीचीच वाटत असेल. पण तुमच्या आजी-आजोबांच्या लहानपणी ती जवळजवळ कुठेच नव्हती. तामिळनाडूत के. कामराज मुख्यमंत्री असताना १९५० च्या दशकात गरीब मुलांसाठी शाळेत दुपारचं जेवण सुरू झालं. देशभराची योजना सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण सुरुवातीला आपल्याकडे शिजवलेलं अन्न मिळत नसे, दरमहा तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळत. तुमच्या आई-बाबांना विचारा. पिशवीत तांदूळ घेऊन घरी गेल्याचं त्यांच्यापैकी काहींना नक्की आठवेल. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, मुलांना शाळेतच गरम, शिजवलेलं जेवण द्या. मग शाळाशाळांत चुली पेटल्या. २०२१ मध्ये या योजनेला ‘प्रधानमंत्री पोषण’ असं नाव मिळालं.

या जेवणाचं मापही ठरलेलं आहे, बरं का! पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल.

आता यातलं धान्य आणि डाळ पोत्यांतून येते. ती महिनाभर टिकते. पण भाजी? ती पोत्यातून येऊन महिनाभर कशी टिकेल? ती जवळूनच आणायला हवी. म्हणूनच पातेल्यातली भाजी पाहिली की त्या शाळेचं आणि गावचं नातं कसं आहे, हे कळतं.

आणि भाजी ताजी का हवी? पालेभाजी खुडली की तिच्यातलं ‘क’ जीवनसत्त्व कमी होऊ लागतं. उन्हात आणि उघड्यावर तर आणखी भराभर. हेच ‘क’ जीवनसत्त्व अन्नातलं लोह शरीरात शोषून घ्यायला मदत करतं. लोह कमी पडलं की मूल दमतं, फिकट दिसतं, वर्गात पेंगतं. आपल्याला वाटतं, अभ्यासात लक्ष नाही. खरं तर अंगात रक्तच कमी असतं!

पहिला प्रश्न : निवडणार कोण?

अमेरिकेच्या नकाशात खाली उजव्या कोपऱ्यात फ्लोरिडा राज्य दिसेल. त्याच्या उत्तर भागात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची लहान लहान शेतं आहेत. अमेरिकेत १९२० मध्ये कृष्णवर्णीय शेतकरी सुमारे सव्वानऊ लाख होते. १९९० च्या दशकात ते वीस हजारांच्याही आत आले. कर्ज मिळेना, जमिनी हातून गेल्या आणि मोठ्या बाजारात लहान शेतकऱ्याला कुणी उभं करेना. आपल्या मेथीवाल्या दादांची गोष्ट आठवते ना?

तिथल्या काही शेतकऱ्यांनी १९९५ मध्ये एक सहकारी संस्था काढली. नाव ‘न्यू नॉर्थ फ्लोरिडा कोऑपरेटिव्ह’. सरकारच्या शेती खात्यात काम करणारे ग्लेन होम्स त्यांच्या मदतीला होते. त्यांनी विचार केला, रोज ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं जेवतात अशी जागा कोणती? शाळा! जवळच गॅड्सडन नावाचा जिल्हा होता. तिथल्या शाळांत गरीब, कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने होती आणि दुपारचं जेवण शाळेतच मिळत होतं.

शेतकरी पिकवत होते कोलार्ड नावाची पालेभाजी. ती कोबीच्या कुळातली, पण तिचा गड्डा होत नाही, मोठाली हिरवी पानं असतात. तिथल्या कृष्णवर्णीय घरांत ती आवडीने खाल्ली जाते. म्हणजे मुलांच्या ओळखीची चव! पण शाळेच्या स्वयंपाकघराची अडचण तीच, आमच्या मावशींची. इतकी भाजी धुणार कोण आणि चिरणार कोण?

मग शेतकऱ्यांनीच ते काम अंगावर घेतलं. भाजी तोडायची, स्वच्छ धुवायची, चिरायची, पिशव्यांत भरायची आणि थेट शाळेच्या दारात पोचवायची. पिशवी फोडली की भाजी पातेल्यात! शाळांना हे पटलं. पुढे त्या शेतकऱ्यांनी शलगमाचा पाला, स्ट्रॉबेरी, द्राक्षंही शाळांना दिली आणि शेजारच्या राज्यांतल्या शाळांपर्यंतही ते पोचले.

ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा ती मेथीवाली मुलगी पटकन म्हणाली, “बाई, आमची आजी मेथी निवडते. तिला घरी बसून कंटाळाच येतो!”

बघा, अमेरिकेतल्या यंत्राचं काम करायला आमच्या गावात आज्या तयारच होत्या!

दुसरा प्रश्न : घेणार कोण?

आता नकाशात खाली दक्षिण अमेरिकेत या. केवढा मोठा देश हा ब्राझील! फुटबॉलमुळे तुम्ही त्याला ओळखता. तिथे शाळेत जेवण द्यायला १९५५ मध्ये सुरुवात झाली. आज सुमारे चार कोटी मुलं सरकारी शाळांत जेवतात.

पण पूर्वी तिथेही माल लांबूनच येई. मोठे व्यापारी स्वस्तात डबाबंद पदार्थ आणि बिस्किटं देत. गावातला शेतकरी बाहेरच. मग २००९ मध्ये ब्राझीलने एक कायदा केला. शाळेच्या जेवणासाठी केंद्र सरकार जो पैसा देतं, त्यातला निदान ३० टक्के पैसा लहान, कुटुंबाने कसलेल्या शेतीतला माल घेण्यासाठीच खर्च करायचा. म्हणजे दर १० रुपयांतले ३ रुपये लहान शेतकऱ्यांचे. पुढे २०२५ मध्ये कायदा बदलून हा वाटा २०२६ पासून ४५ टक्के केला.

या कायद्यातल्या तीन गोष्टी मला फार आवडल्या.

एक : ‘जो सर्वांत स्वस्त देईल त्याचंच घेऊ’ अशी निविदा इथे काढावीच लागत नाही. शाळा आधी जाहीर करते की आम्हांला अमुक भाजी इतकी हवी, इतक्या भावाने घेऊ. मग शेतकरी पुढे येतात. भाव मात्र तिथल्या बाजाराला धरून असावा लागतो. पेरणीच्या आधीच गिऱ्हाईक ठरलं, तर शेतकऱ्याला किती धीर येईल!

दोन : पहिला मान कुणाला? आदिवासींना, ज्यांना नव्याने जमिनी मिळाल्या त्यांना आणि गुलामगिरीतून निसटून रानात वस्ती केलेल्या लोकांच्या वंशजांना. ज्यांना बाजारात शेवटी उभं राहावं लागतं, त्यांना शाळेच्या दारात पहिला नंबर!

तीन : काय शिजवायचं ते आहारतज्ज्ञ ठरवतात आणि त्या त्या भागातल्या खाण्याच्या सवयी त्यांना सांभाळाव्या लागतात. जेवणावर लक्ष ठेवायला गावोगावी समित्या असतात आणि त्यांत पालक आणि शिक्षकही असतात.

तिसरा प्रश्न : खाणार कोण?

याचं उत्तर मात्र कुठल्याही नकाशात सापडलं नाही. ते आमच्या शाळेच्या मागच्या अंगणातच होतं.

मुलांनी शाळेमागे तीन वाफे केले. अशा बागेला आपण परसबाग म्हणतो. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत परसबागा आहेत, आणि पोषण योजनेतही त्यांना उत्तेजन दिलेलं आहे. आम्ही मेथी, पालक आणि मुळा लावला. कुंपणाला घेवडा आणि दुधी चढवला. कोपऱ्यात शेवग्याची फांदी खोचली. पाणी? ताटं आणि हात धुतलेलं पाणी एका चरातून वाफ्यांत सोडलं.

मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढायला येते. त्या महिन्याभरात काय गंमत झाली सांगू? जी मुलं ताटातली मेथी बाजूला काढायची, ती सकाळी दप्तर टाकलं की आधी वाफ्याकडे पळू लागली. “माझ्या ओळीतली जास्त उंच!” “नाही, माझ्या!” आणि ज्या दिवशी ती मेथी डाळीत पडली, त्या दिवशी मागच्या बाकावरचा तो कडू-कडूवाला चक्क म्हणाला, “बाई, आज कमी कडू आहे.” मेथी तेवढीच कडू होती. फक्त ती आता त्याची होती!

तरी सगळ्यांनी खाल्ली असं मुळीच नाही. दोघी-तिघी अजूनही पानं ताटाच्या कडेला लावतात. आम्ही त्यांना रागवत नाही. एक घास खा, एवढंच म्हणतो.

मग आम्ही काय केलं?

परसबागेतल्या मेथीने ५८ मुलांचं पोट भरत नाही. तिने फक्त गोडी लागते. म्हणून आम्ही हिशेब मांडला. तुम्हीही वहीत मांडा.

५८ मुलं × ५० ग्रॅम = २,९०० ग्रॅम. म्हणजे रोज जवळजवळ तीन किलो भाजी.

मुख्याध्यापक, स्वयंपाकाच्या दोन मावशी आणि पालक यांची शाळेत बैठक झाली. गावातल्या पाच घरांनी आठवड्याचा एकेक वार वाटून घेतला. कुणी डांगर द्यायचं, कुणी दुधी, कुणी टोमॅटो आणि वांगी. मेथीचे वार दोन, आणि त्यातला एक त्या मुलीच्या दादांचा. शनिवारी परसबागेतलं जे असेल ते. मेथी निवडायला आदल्या संध्याकाळी दोन आज्यांकडे द्यायची आणि सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून शाळेत आणायची. भाव महिन्याचा ठरवला. बाजारात चढला तरी तोच आणि पडला तरी तोच.

ऐकायला किती सोपं वाटतं, नाही का? पण दुसऱ्याच महिन्यात टोमॅटो महागले. ज्यांचा टोमॅटोचा वार होता, त्यांनी सगळा माल बाजारात पाठवला. त्या दिवशी पुन्हा बटाटे! काही पालक चिडले. पण मला त्या शेतकऱ्यावर रागावता येईना. चार पैसे मिळायची वेळ वर्षातून एखाद्याच वेळी येते, ती तो कशी सोडेल? शेवटी असं ठरलं की भाव फार चढले तर दर पंधरा दिवसांनी पुन्हा बसायचं, आणि माल देता येणार नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं. भाजीचे पैसे शाळेत वेळेवर आले नाहीत, तर शेतकऱ्याला थांबावं लागतं, हीही एक अडचण आहे. ती अजून पुरती सुटलेली नाही.

मार्चनंतर विहिरी आटतात. तेव्हा हिरवी भाजी कुठून आणायची? मग थंडीत सावलीत वाळवून ठेवलेली मेथी, वाल, कांदा आणि नागली कामाला येते. नागली म्हणजे नाचणी. आमच्या डोंगरातलं हे खास धान्य! १०० ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅम! आठवड्यातून एकदा नागलीची गोड पेज केली की मुलं पातेलं चाटूनपुसून साफ करतात.

पावसाळ्यात रानभाज्या येतात. करटोली, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब. पण मुलांनो, एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. ओळख पटल्याशिवाय रानातलं काहीही तोंडात घालायचं नाही. शेवळंसारखी भाजी नीट शिजवली नाही तर घशाला खाज सुटते. जाणत्या माणसाने निवडलेली आणि नीट शिजवलेलीच भाजी खायची. शेतातल्या भाजीवर औषध फवारलं असेल, तर ठरलेले दिवस उलटल्याशिवाय ती शाळेत घ्यायची नाही, हाही आमचा नियम आहे. आणि शिजवलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चाखायचं, हा तर सगळ्याच शाळांना लागू असलेला नियम.

दादांच्या मेथीचं काय?

तुम्ही विचाराल, मग आता मेथी म्हशीपुढे पडत नाही ना?

खरं सांगू? पडते, अजूनही कधीकधी. एका शाळेच्या पातेल्यात एका शेतकऱ्याची सगळी मेथी मावत नाही. पण एक हिशेब करून पाहा. समजा, एका तालुक्यात १५० शाळा आहेत आणि प्रत्येक शाळेत सरासरी ६० मुलं. म्हणजे ९,००० मुलं. प्रत्येकी ५० ग्रॅम धरली तर रोजची भाजी ४५० किलो. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २,७०० किलो, म्हणजे २७ क्विंटल! एवढी भाजी जवळच्याच शेतांतून घ्यायची असं ठरलं, तर किती घरांना बाजाराची धास्ती राहणार नाही? ब्राझीलने केला तो याच हिशेबाचा कायदा.

पालकांनाही एक सांगायचं आहे. शाळेचं जेवण म्हणजे ‘गरिबांच्या मुलांची खिचडी’ असं म्हणून नाक मुरडू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तुमचीच माणसं असतात. एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत या, मुलांच्या रांगेशेजारी बसा आणि पातेल्यात डोकावून विचारा, आजची भाजी कुठली? शेतात चार पेंढ्या जास्त असतील तर म्हशीच्या आधी शाळा आठवा. मात्र फुकट द्या असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या घामाला दाम मिळालाच पाहिजे. तरच तो पुढच्या वर्षीही पेरील.

करून पाहा

१. आठवडाभर ताटातल्या प्रत्येक भाजीचं नाव वहीत लिहा. शेजारी लिहा : ती कुठून आली? परसातून, गावातून, तालुक्यातून की त्याहून लांबून? शनिवारी मोजा. सर्वांत जवळून आलेली कोणती आणि सर्वांत लांबून आलेली कोणती?

२. मेथीच्या सारख्या वजनाच्या दोन लहान जुड्या घ्या. एक उन्हात उघडी ठेवा, दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत. संध्याकाळी फडकं काढून दोन्हींचं वजन करा, पानं हाताने चाचपून पाहा. टेम्पोत दिवसभर उघड्यावर फिरणाऱ्या भाजीचं काय होत असेल, ते कळेल.

३. मूठभर मेथीदाणे रात्री भिजत घाला. सकाळी जुन्या टोपलीत किंवा फुटक्या बादलीत माती भरून पेरा. शहरात राहणाऱ्यांनो, तुम्हीही! खिडकीत चार तास ऊन आलं तरी पुष्कळ. महिन्याभराने भाजी काढा आणि आईला सांगा, आजची मेथी मी आणली.

आणि हो, निवडायला आजीला बोलवा. पण स्वतःही तिच्या शेजारी बसा. एक जुडी निवडायला किती वेळ लागतो, ते एकदा घड्याळ लावून बघाच!